‘एकटा’ या एकाच अर्थाने भागत नाही

मा. संपादक,

स. न.

इंग्रजीच्या तयारीसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच शब्दसूच्यांत ‘अलोन’ म्हणजे एकटा आणि ‘लोनली’ म्हणजेही एकटा, असे छापलेले असते. मुले तेच पाठ करतात. मग निफाड-दिंडोरीकडून येऊन कॉलेज रोडला खोली घेऊन राहणारा मुलगा मुलाखतीत सांगतो, ‘आय लिव्ह लोनली इन नाशिक’. त्याला एवढेच म्हणायचे असते की खोलीत दुसरे कोणी नाही. समोरच्याला मात्र वाक्य खटकते, आणि मुलाला इथे करमत नाही असाही समज होतो.

घोटाळा शेवटच्या ‘ली’मुळे होतो. ‘स्लोली’, ‘क्विकली’ ही क्रियाविशेषणे, म्हणून ‘लोनली’ही तसेच असेल असे वाटते. ते ‘फ्रेंडली’सारखे विशेषण आहे. राहणे, जाणे, जेवणे यांच्यासोबत ‘अलोन’च हवे.

नामाआधी नेमके उलट. ‘अलोन’ हा मुळात ‘ऑल’ आणि ‘वन’ यांचा जोड. ‘अस्लीप’, ‘अफ्रेड’, ‘अलाइव्ह’ यांच्याप्रमाणे तोही नामाआधी बसत नाही. ‘अ‍ॅन अलोन वुमन’ चूक. ‘अ वुमन ट्रॅव्हलिंग अलोन’ बरोबर. ‘लोनली’ नामाआधी चालते, आणि रस्त्याला लावले तर अर्थ होतो निर्मनुष्य.

अर्थाची कसोटी आपल्याच भाषेत आहे, हे वर्गात कोणी सांगत नाही याचे फार वाईट वाटते. वाक्यात ‘करमत नाही’ घालून पाहावे. अर्थ टिकला तर ‘लोनली’, नाहीतर ‘अलोन’. ‘आजी दुपारी घरी एकटी असते’ यात आजी मजेत पोथी वाचत बसलेली असू शकते, म्हणून ‘अलोन’. ‘आजीला एकटं एकटं वाटतं’ हे भरल्या घरातही घडते, तिथे ‘लोनली’. डॉक्टरांना सांगताना हा फरक चुकला तर भलत्याच गोष्टीची काळजी सुरू होते. मराठीत एकटा आणि एकाकी असे दोन शब्द असताना सूचीत दोन्हींपुढे एकच का छापावा? हवाहवासा एकांत तर तिसराच: ‘सॉलिट्यूड’.

‘बाय मायसेल्फ’ आणि ‘ऑन माय ओन’ यांचे दोन्ही अर्थ होतात: सोबतीशिवाय आणि मदतीशिवाय. ‘बाय’पुढे ‘सेल्फ’, ‘ऑन’पुढे ‘ओन’, हे पक्के धरावे. ‘बाय माय ओन’ ही खिचडी सर्रास ऐकू येते. वस्तूंच्या बाबतीत ‘बाय इटसेल्फ’चा अर्थ आपोआप असाही होतो. रात्री लाइट आली की ऑटो स्टार्टरवरची विहिरीची मोटर सुरू होते, ती ‘बाय इटसेल्फ’, ‘अलोन’ नव्हे. जोर द्यायचा तर ‘व्हेरी लोनली’ म्हणतात, पण ‘ऑल अलोन’.

कर्त्यानंतर लगेच आलेला ‘अलोन’ मात्र आपल्या ‘-च’चे काम करतो: ‘यू अलोन कॅन डू इट’, म्हणजे हे तुम्हीच करू शकता. आणि एकुलत्या एका मुलाने ‘आय अ‍ॅम सिंगल’ म्हणू नये, त्याचा अर्थ अविवाहित. ‘आय अ‍ॅम अ‍ॅन ओन्ली चाइल्ड’ म्हणावे.

सूच्या काढणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीत ‘लोनली’पुढे ‘एकाकी’ छापावे आणि प्रत्येक शब्दाखाली एक पूर्ण वाक्य द्यावे, ही विनंती.

– इंग्रजीची एक शिक्षिका, गंगापूर रोड, नाशिक