रामसे स्ट्रीटवरून शुभीला

प्रिय शुभे,

परवा फोनवर तू हसलीस ना, "एवढं काय गं त्या गोऱ्यांच्या मालिकेचं, आणि ती पण ऑस्ट्रेलियातली" म्हणून, तेव्हा मी गप्प बसले कारण तुझ्या मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या आणि दारात भाजीवाला आला होता. पण डोक्यात राहिलंच ते. म्हणून आता सविस्तर लिहायला बसलेय. मोबाइलवर टाइप करतेय, काना-मात्रा चुकला तर चालवून घे, शाळेतल्या बाई तपासणार नाहीयेत.

तर 'नेबर्स' डिसेंबरात परत एकदा संपली. परत म्हणजे २०२२ च्या जुलैत एकदा संपली होती, तेव्हा मी रडून घेतलं, मग अॅमेझॉनने २०२३ मध्ये ती उठवून बसवली, आणि आता २०२५ च्या शेवटी पुन्हा तिरडी. चाळीस वर्षं चाललेली मालिका, शुभे. आपण त्यांना नावं ठेवतो आणि आपल्याकडे चार वर्षं सासू-सून चालली की लोक कंटाळतात.

तुला आठवतं, मी १९८८ च्या जानेवारीत इकडे आले. एअरपोर्टला तू, तुझी आई, अर्धी चाळ आली होती सोडायला. रामायण चालू असतानाच मी निघाले, पुढचं तू एअरोग्रामवर कळवायचीस. रावण मेल्याचं मला इथे दहा-बारा दिवसांनी कळलं होतं, हसू नकोस. आणि आले कुठे, तर इंग्लंडातल्या लँकेशायरमधलं बर्नली. गिरण्यांचं गाव, म्हणजे गिरण्या बंद पडलेल्यांचं. उंच चिमण्या, त्यातून धूर नाही. मला वाटलं लालबाग-परळच दुसऱ्या रंगात दिसतंय. घर टेरेस हाउस, म्हणजे गच्ची नाही गं, भिंतीला भिंत लावून एका ओळीत दगडी घरं, आपल्या चाळीला आडवी पाडली तर कशी दिसेल तशी. मला आनंद झाला, म्हटलं चला शेजार आहे. दोन आठवडे एकाही घराचं दार उघडं दिसलं नाही. हे सकाळी हॉस्पिटलात जायचे ते रात्री यायचे, चार वाजता बाहेर काळोख, आणि मी त्या गॅसच्या हीटरसमोर शाल गुंडाळून बसलेली. तुला पत्रात लिहिलं नव्हतं, पण मी चक्क घड्याळाशी बोलायचे.

टीव्हीवर तेव्हा चारच चॅनल. दुपारी जेवण झाल्यावर, दीडच्या सुमाराला, बीबीसी वनवर नेबर्स लागायची आणि तोच एपिसोड संध्याकाळी पाच पस्तीसला पुन्हा. हे पाच पस्तीसचं नुकतंच सुरू झालं होतं. असं सांगतात की बीबीसीतले एक बडे साहेब मायकल ग्रेड, त्यांच्या मुलीने बाबांना सांगितलं की आम्ही पोरं शाळेत असतो तेव्हा ती लागते, संध्याकाळी लावा ना. खरं-खोटं देव जाणे, पण वेळ बदलली आणि शाळेची अख्खी पोरं येऊन चिकटली. माझ्यासाठी तर ते ट्यूशन क्लास झालं. दुपारी निम्मं कळायचं, संध्याकाळी उरलेलं. दुपारी वहीत शब्द लिहून ठेवायचे, ह्यांना विचारायचे, आणि संध्याकाळी तोच शब्द कानावर आला की पास झाल्यासारखं वाटायचं.

मेलबर्नमधली एक बंद गल्ली, रामसे स्ट्रीट, सहा घरं. बस्स. कोणी कोणाच्या स्वयंपाकघरात मागच्या दाराने शिरतंय, फ्रिज उघडून ज्यूस पितंय, साखर मागतंय, एकीचा मुलगा दुसरीच्या मुलीला खिडकीतून हाका मारतोय. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, अगं ही तर आपली चाळ! फक्त गॅलरीच्या जागी हिरवळ आणि सार्वजनिक नळाच्या जागी स्विमिंग पूल.

आता लव्हआजी. तिचं खरं नाव नाही लिहीत, ती सगळ्यांना, पोस्टमनला, मांजराला, मला, "लव्ह" म्हणायची म्हणून आम्ही तिला घरात लव्हआजी म्हणायचो. शेजारच्या घरातली, नवरा गेलेला, जन्म गिरणीत मागावर काढलेला. कानाला कमी ऐकू यायचं त्या मागांच्या आवाजाने, आणि ओठांवरून ओळखायची कोण काय बोलतंय ते. एकदा तिचा टीव्ही बिघडला आणि तिने माझं दार वाजवलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी दार वाजवलं, शुभे! म्हणाली, लव्ह, तुझ्याकडे नेबर्स लागते ना? टीव्ही चार दिवसांत दुरुस्त होऊन आला पण ती यायची थांबली नाही. रोज सव्वा वाजता, हातात विणकाम, मी चहा टाकायचे, आधी तिच्या पद्धतीने, मग हळूहळू आलं घातलेला.

तिने मला एकदा सांगितलं की ती तरुण होती तेव्हा ह्याच गल्लीत बायका आठवड्यातून एकदा गुडघ्यावर बसून दाराची पायरी घासायच्या आणि मग एका खास दगडाने पायरीची कड पांढरी-पिवळी रंगवायच्या, डाँकी स्टोन म्हणायचे त्याला. जिची पायरी मळकी तिची गल्लीत बदनामी. मी तिला सडा-रांगोळी सांगितली, जमिनीवर पिठाने ठिपके काढून दाखवले. ती बघतच राहिली आणि म्हणाली, मग तुम्हीही बाहेर बसून एकमेकींची उणीदुणी काढत असाल. म्हटलं दुसरं काय करतो! मग टीव्हीकडे बोट करून म्हणाली, आमची गल्ली अशीच होती लव्ह, फक्त ऊन नव्हतं.

ही मालिका इथे इतकी का चालली ह्याची लोक कारणं देतात, आणि ती खरीही आहेत. ऊन. बाहेर गारठा नि काळोख आणि पडद्यावर डिसेंबरात अर्ध्या चड्डीत बार्बेक्यू. दुसरं, पैसा. बीबीसीने १९८६ च्या ऑक्टोबरात दुपारचे कार्यक्रम सुरू केले, ते तास भरायचे होते, आणि स्वतः मालिका काढण्यापेक्षा तयार विकत घेणं कितीतरी स्वस्त. तिसरं म्हणजे आठवड्याचे पाच दिवस. इथली कोरोनेशन स्ट्रीट तेव्हा आठवड्यातून दोनदा, ईस्टएंडर्स दोनदा, आणि त्या ईस्टएंडर्समध्ये तर सगळे सारखे भांडत नाहीतर मरत. रोज घरी येणारी ही एकच. रोज येणारं माणूस घरचं होतं, मग ते कितीही फालतू बडबड करू दे.

आणि एक गंमत सांगते, पाहुणी वाटायची ती तशी अर्धी घरचीच होती. ज्याने ती रचली तो रेग वॉटसन, ऑस्ट्रेलियन माणूस, पण आधी बरीच वर्षं बर्मिंगहॅमला एटीव्ही ह्या टीव्ही कंपनीत क्रॉसरोड्स नावाची मालिका काढायचा. शीर्षकगीत केलं ते टोनी हॅच आणि जॅकी ट्रेंट ह्या इंग्रज जोडीने. ती मिसेस मँगल, सगळ्यांच्या खिडकीत नाक खुपसणारी, तळमजल्यावरच्या काकू आठव, तश्शीच, तिचं काम करणारी व्हिव्हियन ग्रे पण मूळची इंग्लंडचीच. बिचारीला लोक खरंच इतकं टाकून बोलायचे की तिने काम सोडलं. लव्हआजीही त्यात मागे नव्हती, पडद्यावर मँगल आली की सुया खाली ठेवून शिव्या. आणि गंमत म्हणजे मायदेशी पहिल्या चॅनलने, सेव्हनने, १९८५ साली सुरू करून त्याच वर्षी बंद केली होती, मग टेन नेटवर्कने उचलली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगीच नाही.

आता मालिकेतल्या लग्नाचं. स्कॉट आणि शार्लीन, म्हणजे जेसन डोनोव्हन आणि कायली मिनोग. ती कायली मालिकेत गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करणारी पोरगी, कपडे ग्रीसने माखलेले. ऑस्ट्रेलियात ते लग्न १९८७ च्या जुलैत लागून मोकळं झालं होतं, इथे दाखवलं ८ नोव्हेंबर १९८८ ला, सोळा महिन्यांनी. तू मला रावण दहा दिवसांनी मारून दाखवलास, ह्यांना नवरी सोळा महिन्यांनी! कायलीचं गाणं तर त्याआधीच, फेब्रुवारीत, इथे एक नंबरला जाऊन आलं होतं. सगळ्यांना माहीत होतं काय होणार, तरी जवळजवळ २ कोटी लोकांनी बघितलं. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेसहा कोटीच्या आसपास, तूच हिशोब कर.

आमच्याकडे लव्हआजी केक घेऊन आली, टोपी घालून, आणि मला म्हणाली तू ती हिरवी साडी नेस, लग्न आहे. मी नारायणपेठ नेसले, नथ घातली, शिरा केला. आणि शेवटी ते दोघं चर्चमध्ये उभे राहिल्यावर मी डब्यातून मूठभर तांदूळ काढले, कुंकू लावून अक्षता केल्या, अर्ध्या तिच्या हातात दिल्या. ती म्हणाली आम्हीही टाकतो की तांदूळ लग्नात. आणि आम्ही दोघींनी त्या टीव्हीवर अक्षता टाकल्या, शुभे, सोनीचा एकवीस इंची, हप्त्यावर घेतलेला. हे घरी आले तेव्हा कार्पेटवर तांदूळ, मी नथीत, आणि म्हातारी डोळे पुसतेय. विचारतात, कोणाचं लग्न? ते लाल तांदूळ पुढे कितीतरी महिने व्हॅक्युममध्ये निघत होते.

ह्यांचंही वेगळंच खूळ. रात्री ड्यूटीवरून आले की आयटीव्हीवर उशिरा प्रिझनर सेल ब्लॉक एच लागायची, ती पण ऑस्ट्रेलियाचीच, बायकांच्या तुरुंगाची. दार आपटलं की भिंत हलायची, भिंत! हे वरण-भात कालवत बघायचे आणि म्हणायचे, आपल्या गणपतीतल्या नाटकाचा सेट ह्याहून पक्का असायचा. आयटीव्हीचे विभाग वेगवेगळे, प्रत्येक जण आपापल्या सवडीने दाखवायचा, त्यामुळे बर्मिंगहॅमच्या नणंदेला फोनवर आधीच दम भरायला लागायचा की पुढचं सांगू नकोस. मग ८९ मध्ये होम अँड अवे आली, समुद्रकिनाऱ्याची. ती मला कधी भावली नाही, सगळे सारखे ओल्या केसांचे. ती मात्र अजून चालूच आहे बघ.

इंग्रजी माझं असं झालं की ९१ साली लायब्ररीत नोकरीसाठी मुलाखतीला गेले, तर समोरची बाई विचारते, तुम्ही ऑस्ट्रेलियात किती वर्षं होतात? मी म्हटलं, एकही दिवस नाही, नो वरीज. नोकरी मिळाली. आमची लेक तर वाक्य संपताना आवाज वर न्यायची, साधं "मला भूक लागलीय" पण प्रश्न विचारल्यासारखं. ह्यांना वाटायचं हिला शंका आहे की काय.

नावं ठेवायला जागा भरपूर आहे हां. मालिकेतला हॅरोल्ड समुद्रात वाहून गेला, खडकावर नुसता चष्मा सापडला, आणि पाच वर्षांनी स्मृती जाऊन परत आला. कुत्र्याला स्वप्न पडतं की त्याचं शेजारच्या कुत्रीशी लग्न लागतंय, हे पण दाखवलंय, आणि आम्ही बघितलंय. पण एक गोष्ट मला खरंच टोचायची. लेक सात-आठ वर्षांची असताना तिने विचारलं, आई, ह्या गल्लीत आपल्यासारखं कोणीच का राहत नाही? काय सांगणार? मेलबर्नमध्ये तेव्हा आपली माणसं नव्हती असं थोडंच होतं. पुढे २०११ च्या सुमाराला कपूर कुटुंब आलं राहायला, तर त्यावर ऑनलाइन लोकांनी इतकं घाण लिहिलं की वाचवेना. नंतर यश्वी नावाची मुलगी आली, फुटबॉल खेळणारी, आणि लेकीने मला मेसेज केला, "आई, यश्वी!!" बाकी काही नाही, तेवढंच. तेव्हा ती स्वतः दोन पोरांची आई.

लव्हआजी ते बघायला नव्हती. ती २००८ च्या हिवाळ्यात गेली, नेबर्स बीबीसीवरून फाइव्ह ह्या चॅनलवर गेली त्याच्या थोडं आधी. शेवटी हॉस्पिटलात भेटायला गेले तर अर्धवट झोपेत विचारलं, मॅज बरी आहे का? मॅज मालिकेत केव्हाच मेली होती, कॅन्सरने. मी म्हटलं, मस्त आहे, तुम्हाला विचारत होती.

आणि आता हे तुला सांगितलेलंच नाही. २०१४ ला भाच्याकडे मेलबर्नला गेले ना, तेव्हा त्याच्या मागे लागून रामसे स्ट्रीट बघून आले. खरं नाव पिन ओक कोर्ट, व्हरमाँट साउथ नावाच्या उपनगरात. तिथे फक्त घरांचं बाहेरून शूटिंग व्हायचं, आतलं सगळं स्टुडिओत. घरात खरी माणसं राहतात. गल्ली इतकी छोटी की मी दोनदा विचारलं हीच का. ऊन मात्र अगदी तसंच होतं. आम्ही पाऊण तास उभे होतो, एकही माणूस बाहेर नाही, एक दार उघडं नाही. मग एक गाडी आली, गॅरेजचं शटर रिमोटने आपोआप वर गेलं, गाडी आत, शटर खाली. आतल्या बाईने आमच्याकडे पाहिलंही नाही. भाचा म्हणाला, आत्या, चल, इथे कोणी भेटणार नाही. मी पर्समधून रुमाल काढताना सहज तिथल्या फुटपाथच्या कडेला हात लावला, गरम होती दगडासारखी.

बरं, आता पुरे. तू मेमध्ये येतेयस हे पक्कं आहे ना? तिकीट काढलंस की तारीख कळव. येताना ते आंबोळीचं पीठ आण आणि कुंकवाची डबी, इथलं कुंकू पसरतं. शेजारी आता एक रोमानियन मुलगी राहायला आलीय लहान बाळ घेऊन, परवा मीच जाऊन तिचं दार वाजवलं. तिच्याकडे टीव्हीच नाहीये. चहा मात्र प्यायली, आलं घातलेला.

तुझीच,
मंगी