हजारो वर्षांचे वैर म्हणे!

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला इस्रायल-पॅलेस्टाइनवरचा लेख वाचला. (बिल्डरांच्या जाहिरातींची तीन पाने उलटल्यावर पुरवणी हाती लागली, हेही जाता जाता सांगतो.) लेखकाची भाषा ओघवती आहे, मेहनत घेतलेली दिसते, त्याबद्दल अभिनंदन. पण 'हजारो वर्षांचे वैर, तिथे शांतता अशक्यच' हे पालुपद एका लेखात चार वेळा? अशक्यच असेल तर अर्धे पान कशाला अडवले?

हजारो वर्षे म्हणजे कधीपासून, ते तरी सांगा. युरोपातून ज्यूंचे पहिले जथे तिथे वस्ती करायला गेले १८८२च्या सुमारास. पॅलेस्टाइनात ज्यूंना 'राष्ट्रीय घर' देण्याचे ब्रिटिशांचे आश्वासन, म्हणजे बाल्फोर जाहीरनामा, १९१७चा. तेव्हा माझे आजोबा मॅट्रिकला होते. पॅलेस्टाइनच्या फाळणीचा संयुक्त राष्ट्रांचा ठराव १९४७चा. पुढच्या वर्षभरात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. भांडण मुख्यतः जमिनीचे आहे, आणि जमिनीच्या भांडणाला तारखा असतात, दस्त असतात, हे सातबाऱ्यापायी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या महाराष्ट्राला तरी वेगळे सांगायला नको.

आणि 'अशक्य' कसे? इजिप्तशी चार युद्धे झाल्यावर १९७७च्या नोव्हेंबरात तिथले अध्यक्ष सादात उठून थेट जेरुसलेमला गेले. १९७९ साली करार झाला. १९८२च्या एप्रिलपर्यंत इस्रायलने जवळजवळ सारा सिनाई (युद्धात घेतलेला इजिप्तचा द्वीपकल्प) परत केला, यामित ही आपलीच वसाहत बुलडोझरने पाडली. तीही कुणी, तर कडव्या उजव्या बेगिन यांच्या सरकारने आणि शेरॉन संरक्षणमंत्री असताना! सादात यांना मात्र त्यांच्याच सैनिकांनी संचलनात गोळ्या घातल्या. करार तरीही टिकला. लेखात यावर एक ओळ नाही.

आता ओस्लो कराराच्या, म्हणजे इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या समझोत्याच्या, फोटोकडे येतो. खाली छापले आहे, 'ओस्लो करारावर सह्या करताना राबिन आणि अराफात'. अहो, फोटोत इस्रायलचे पंतप्रधान आणि पॅलेस्टिनींचे नेते हात मिळवताहेत, मागे अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन दोन्ही हात पसरून उभे आहेत. सह्या कुठे आहेत? १३ सप्टेंबर १९९३ रोजी सह्या केल्या त्या इस्रायलचे परराष्ट्रमंत्री शिमॉन पेरेस आणि पॅलेस्टिनींतर्फे महमूद अब्बास यांनी. लेखाच्या शेवटी राबिन 'दहशतवाद्याच्या गोळीला बळी पडले' एवढेच म्हटले आहे. आधीचे सगळे सोडून दिले असते, पण हे वाक्य वाचून लिहायला बसलो. 'दहशतवादी' म्हटले की तुमचा वाचक काय समजेल, हे तुम्हाला ठाऊक नाही असे मी मानत नाही.

१९९५च्या नोव्हेंबरात राबिन यांच्या हत्येची बातमी आली, त्या दिवशी मी ठाण्यात एका बेने इस्रायली (आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) लग्नघरी होतो. माझा शाळासोबती साठच्या दशकात इस्रायलमधल्या दिमोनाला गेला तो तिथलाच झाला. पुतण्याच्या लग्नासाठी आला होता. आदल्या रात्री मेंदी झाली होती. सकाळी रेडिओवर बातमी आली आणि मांडवात अरबांच्या नावाने जी लाखोली सुरू झाली ती थांबेना. हा मात्र पायात चपला सरकवून आयएसडी बूथवर गेला. बराच वेळ लाइन मिळेना. परत आला तो मुंडावळ्या बांधायला घेतलेल्या बायकांसमोरच म्हणाला, "गप्प बसा सगळे. मारणारा आपल्यातलाच आहे. ज्यू आहे, लॉ कॉलेजातला पोरगा."

हा माझा मित्र ओस्लोचा कडवा विरोधक, बरे का. कायम लिकुड या उजव्या पक्षाला मत देणारा. थोरला मुलगा पहिल्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनींच्या उठावात, गाझात पहाऱ्यावर होता, त्यामुळे अराफातचे नाव काढले तरी घास टाकून उठणारा. तो त्या दिवशी पंगतीत बसला नाही. मला म्हणाला, "मी राबिनला हजार शिव्या घातल्या असतील रे. पण पुढच्या वर्षी निवडणूक होती ना! मतांनी पाडला असता की त्याला." एवढे साधे लोकशाहीचे भान दिमोनातल्या कारखान्यात खपलेल्या माणसाला होते. आपल्या लेखकांना मारेकऱ्याचे नाव लिहायचीही गरज वाटली नाही. यिगाल आमीर. घ्या लिहून.

दोन्हीकडच्या लोकांनी ओस्लो ठरवून मोडला, हे सांगायला कसली अडचण होती? २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, रमजानच्या शुक्रवारी, बारूख गोल्डस्टाइन या ज्यू वसाहतवाल्याने वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना ठार केले. चाळीस दिवसांनी हमासने इस्रायलमधल्या अफुलात बसस्टॉपवर स्फोट घडवला. १९९६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जेरुसलेमच्या बसगाड्या उडवल्या, तेल अवीव हादरले, आणि मे महिन्यात ओस्लोविरोधक नेतान्याहू एका टक्क्याहूनही कमी फरकाने निवडून आले. इकडे व्यापलेल्या भागात ज्यूंच्या वसाहती वाढतच होत्या. जेरुसलेम, निर्वासित, सीमा हे सगळे अवघड प्रश्न करारानेच पाच वर्षे पुढे ढकललेले. पाच वर्षे संपली तरी ते तिथेच. यात हजारो वर्षांचा संबंध कुठे आला? नावे आहेत, तारखा आहेत. पुराणातल्या वैरावर खापर फोडले की यातल्या कुणालाच जाब विचारावा लागत नाही, ही सोय मात्र उत्तम.

निदान फोटोओळीची दुरुस्ती छापावी, ही नम्र विनंती. तेवढे जमणार नसेल तर हे पत्र तरी अख्खे छापा. गेल्या खेपेला नाट्यगृहाच्या दुरवस्थेवरच्या माझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद आपण जागेअभावी उडवलात आणि मी नगरपालिकेचे कौतुक करतोय असा अर्थ झाला. ओळखीचे लोक अजून थट्टा करतात. त्या दिवशीही पहिल्या पानावर बिल्डरच होता.

— एक जुना वर्गणीदार, ठाणे