कोण बरा होईल, की कशाने बरा होईल?

महोदय,

चिंताविकाराच्या रुग्णाला उपचार लागू पडणार की नाही, हे मेंदूच्या स्कॅनवरून आधीच कळेल, अशा आशयाचा मजकूर आपल्या विज्ञानविषयक पानावर वाचला. संशोधन खोटे नाही, पण त्यातून काढलेला अर्थ फारच ताणला आहे.

या विषयात 2013 च्या एका अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यात भाग घेतला होता. सामाजिक चिंतेचा त्रास असलेल्या 39 जणांना एमआरआय यंत्रात झोपवून रागावलेले आणि निर्विकार चेहरे दाखवले गेले. त्यानंतर त्यांच्यावर 12 आठवडे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीचे (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे, गोळ्यांविना) उपचार झाले. रागावलेला चेहरा पाहताना ज्यांच्या मेंदूतील दृश्य माहिती हाताळणारे भाग जास्त सक्रिय झाले, त्यांना थेरपीचा गुण जास्त आला. भीतीचे केंद्र म्हणून सतत मिरवणाऱ्या मेंदूतील अमिग्डाला या भागापेक्षा हे वेगळेच भाग निघाले, ही मला त्यातली सर्वांत रंजक गोष्ट वाटते.

पण थेरपी सगळ्यांना एकच दिली होती. त्यामुळे कोणाला कमी गुण येईल एवढेच समजले. त्याच माणसाला गोळ्यांनी बरे वाटले असते का, याचे उत्तर या अभ्यासात मिळूच शकत नाही. त्यासाठी रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन उपचारांत विभागणी करावी लागते आणि निघालेले सूत्र नव्या रुग्णांवर पडताळावे लागते. कोणाला कोणता उपचार द्यावा, डॉक्टरांना नेमके तेच हवे असते. हा फरक पुसला गेला, की ‘तुमचा मेंदू थेरपीला योग्य नाही’ म्हणून एखाद्याला परत पाठवायला विमा कंपनीला आयतेच निमित्त मिळेल.

स्कॅन म्हणजे फोटो नव्हे, त्याचा अर्थ विश्लेषण करून काढावा लागतो, हेही लिहायला हवे होते. 2020 साली एकाच एफएमआरआय (मेंदूचा कोणता भाग सक्रिय आहे हे दाखवणारा स्कॅन) माहितीचे 70 गटांनी स्वतंत्रपणे विश्लेषण केले. कोणत्याही दोन गटांची पद्धत तंतोतंत जुळली नाही आणि काही प्रश्नांवर निष्कर्षही वेगळे आले. शिवाय डोके जाळीदार चौकटीत, कानात बोळे, तरी यंत्राची धडधड ऐकू येतेच आणि हलायचे तर नाहीच! मुळात घाबरणाऱ्या माणसाची ही परीक्षाच. जो घंटी दाबून मध्येच बाहेर पडतो, तो आकडेवारीतूनही बाहेर पडतो.

‘जीएडी-7’ ही चिंतेची तीव्रता मोजणारी सात प्रश्नांची प्रश्नावली काही मिनिटांत भरून होते. उपचारांच्या पहिल्या काही आठवड्यांत ती पुन्हा पुन्हा भरून घेतली, तर गाडी कुठल्या दिशेने चालली आहे याचा अंदाज येतो. स्कॅनने त्याहून अधिक काय सांगितले, हे प्रत्येक अभ्यासाला विचारले पाहिजे. अशी बातमी पुन्हा छापताना रुग्ण किती होते, तुलनेला दुसरा उपचार होता का आणि नव्या रुग्णांवर पडताळणी झाली का, ही माहिती कृपया द्यावी.

आपली,
एक समुपदेशक वाचक