पहाटे अडीचच्या बसची तयारी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशातल्या शर्यतींना जाणाऱ्या मराठी धावपटूंमध्ये फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मॅरेथॉन वीकेंडचं नाव अलीकडे वरचेवर निघतं. त्याबद्दल छापून येतं ते बहुधा पदकं, पोशाख आणि सिंड्रेलाच्या किल्ल्यासमोरचे फोटो यांविषयी. तयारीविषयी फारच थोडं येतं, आणि जे येतं त्यात सगळा भर किलोमीटरवर असतो. तिथे फसगत होते ती प्रामुख्याने झोप, वेळमर्यादा आणि शर्यतीआधीच्या उभं राहण्यामुळे. यंदा जाऊ पाहणाऱ्यांसाठी हे सविस्तर पत्र.

१९९४च्या जानेवारीत एका मॅरेथॉनपासून सुरू झालेला हा कार्यक्रम आता चार शर्यतींचा आहे. गुरुवारी ५ किलोमीटर, शुक्रवारी १०, शनिवारी हाफ (अर्धमॅरेथॉन), रविवारी पूर्ण मॅरेथॉन. शनिवार-रविवार दोन्ही धावलं तर ‘गूफी चॅलेंज’, चारही दिवस धावलं तर ‘डोपी चॅलेंज’. डोपीची बेरीज ४८.६ मैल, म्हणजे सुमारे ७८ किलोमीटर. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांतच येते. दोन्हींचे बिब (छातीवर लावायचे क्रमांक) घेणारे लोक आहेत. पूर्ण अंतरासाठी दोन्हींपैकी एकच निवडावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पैसे भरण्याआधी अमेरिकेचा वैध व्हिसा हातात हवा. नोंदणी कित्येक महिने आधी उघडते, भराभर भरते, आणि नंतर न जाणाऱ्याला पैसे परत मिळत नाहीत, बिब दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख वेळेत मिळेल या भरवशावर नोंदणी करणं धोक्याचं. नोंदणी झाली की आधीच्या शर्यतीची वेळ पुराव्यासह कळवायची असते. तिची मुदत शर्यतीच्या बरीच आधी संपते आणि इथेच बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. वेळ कळवली नाही तर मागच्या गटात टाकतात. हजारो धावपटू गटागटाने सोडले जातात आणि पहिल्या गटापासून शेवटच्या गटापर्यंत पाऊण-एक तास सहज जातो. पुढचा गट मिळणं म्हणजे तेवढा वेळ गाठीशी असणं. तेव्हा चिपवर वेळ मोजणाऱ्या एखाद्या शर्यतीत आधी नीट धावून घ्यावं आणि तिच्या ऑनलाइन निकालाची लिंक जपून ठेवावी.

आता वेळमर्यादेचा हिशोब. मैलाला १६ मिनिटं, म्हणजे आपल्या भाषेत किलोमीटरला ९ मिनिटं ५६ सेकंद. हाफसाठी साडेतीन तास, पूर्ण मॅरेथॉनसाठी सात तास. ऐकायला हे सैल वाटतं. पण शेवटच्या गटामागून फुगे बांधलेल्या महिला नेमक्या याच वेगाने निघतात. ‘बलून लेडीज’ म्हणून त्या धावपटूंमध्ये प्रसिद्ध आहेत. त्या पुढे गेल्या की लगेच कोणी हात धरून बाहेर काढत नाही. मात्र ठरावीक ठिकाणी जे त्यांच्या मागे असतात, त्यांना बसमध्ये बसवतात. समजा तुम्ही शेवटच्या गटात आहात आणि मैलाला १५ मिनिटांनी चालला आहात. पाचव्या मैलाला तुमच्या गाठीशी फक्त पाच मिनिटं साठलेली असतात. मिकीसोबत फोटोची एक रांग आणि ती संपली. मैलाला १३ मिनिटांनी (किलोमीटरला ८ मिनिटं ५ सेकंद) गेलात तर त्याच जागी १५ मिनिटं हाताशी असतात, मग दोन फोटो निवांत काढता येतात. फोटो किती काढायचे हे घरी बसून, याच हिशोबाने ठरवावं. मार्गावरचे फलक मैलांचे असतात. घड्याळ मैलावर लावून निदान दोन लाँग रन (लांब पल्ल्याचे सराव) करावेत, नाहीतर ऐन वेळी डोक्यात गुणाकार करत बसावं लागतं आणि तो चुकतो.

ही गती राखण्याचा उत्तम मार्ग म्हणजे पहिल्या मिनिटापासून आलटूनपालटून धावणं आणि चालणं. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत रूढ केली आणि या शर्यतींचे प्रशिक्षण सल्लागार म्हणून त्यांचं नाव अनेक वर्षं जोडलेलं राहिलं. ३० सेकंद धाव, ३० सेकंद चाल अशी सुरुवात बहुतेकांना झेपते. दमल्यावर चालणं वेगळं आणि दमण्याआधी चालणं वेगळं. पहिल्यात पाय आधीच जड झालेले असतात. एक गोष्ट मात्र सवयीनेच चुकते. आपल्याकडे सावकाश जाणारा डावीकडे राहतो, तिथे उजवीकडे. चालायला लागताना हात वर करायचा आणि उजव्या कडेला जायचं. डावीकडे एकदम थांबलात तर मागचा अंगावर येतो.

डोपी करणाऱ्यांनी चार दिवस सलग धावण्याचा सराव निदान एकदा करावा, शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी: गुरुवारी ५, शुक्रवारी ८ ते १०, शनिवारी १५ ते १८, रविवारी ३० ते ३२ किलोमीटर. पहिले दोन दिवस अगदी संथ, हवं तर नुसतं चालत. या सरावात चारही दिवस अडीचला उठावं. चौथ्या पहाटे भूक लागत नाही, पोट साफ होत नाही, डोकं सुन्न असतं. हे सरावात अनुभवलेलं बरं.

शर्यती पहाटे ५ला डिस्ने वर्ल्डमधल्या एपकॉट या पार्कच्या वाहनतळावरून सुटतात. डिस्नेच्या यजमान हॉटेलांमधून बस अडीच-तीनपासून निघतात. रस्ते लवकर बंद होतात, म्हणून बाहेर राहणाऱ्यांनी टॅक्सीच्या भरवशावर चारला निघू नये. म्हणजे सुटण्याआधी दोन तास डांबरावर उभं राहणं, त्यात कॉरलपर्यंतची (आपल्या गटाच्या कुंपणापर्यंतची) लांबलचक चाल. जुना स्वेटर अंगावर ठेवावा आणि सुटताना तिथेच टाकावा. हे कपडे गोळा करून दान केले जातात. खाली बसायला प्लास्टिकची मोठी पिशवी न्यावी आणि शक्य तितकं बसून राहावं. डिस्ने वर्ल्डजवळच्या ऑर्लँडोची जानेवारी बेभरवशाची असते. एखाद्या वर्षी पारा शून्याजवळ, एखाद्या वर्षी पहाटेच १८-२० अंश आणि कोकणासारखी दमट हवा. २०१०च्या हाफमध्ये गारठ्यात बर्फाळ पाऊस पडला होता, तर २०१७ची हाफ विजांच्या धोक्यामुळे रद्द झाली. दोन्ही टोकांचे कपडे बॅगेत हवेत.

झोपेच्या बाबतीत भारतातून जाणाऱ्यांच्या हाती एक हुकमाचा पत्ता असतो आणि तो बहुतेक जण वाया घालवतात. हिवाळ्यात फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. तिथे पहाटेचे अडीच म्हणजे आपल्याकडे दुपारचा एक. शर्यत सुटते तेव्हा इथे दुपारचे साडेतीन. नुकतंच उतरलेलं शरीर त्या वेळी टक्क जागं असतं आणि तिथल्या संध्याकाळी सातला, आपल्या पहाटे साडेपाचला, ते झोप मागतं. म्हणून जेट लॅग घालवण्याचा आटापिटा करू नये. दुपारी साडेचारला जेवून साडेसहा-सातला अंथरूण गाठावं. मंगळवारी किंवा बुधवारी उतरलेलं उत्तम. दहा दिवस आधी जाऊन रात्री अकराला झोपायची सवय लावून घेतली, तर हा फायदा गेला. धोका दुपारी असतो. तिथले दोन ते चार म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा ते अडीच. त्या वेळी भाड्याची गाडी चालवू नये. रस्त्याची उजवी बाजू आणि जडावलेले डोळे, दोन्ही एकदम नकोत. कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींची गोष्ट अगदी उलटी आहे. तिथली पाचची शर्यत त्यांच्यासाठी रात्री दोनची. त्यांनी आठवडाभर आधीपासून रोज अर्धा तास लवकर झोपायला सुरुवात करावी.

बिब स्वतःच घ्यावा लागतो, मूळ पासपोर्ट दाखवून. घरच्यांना पाठवून चालत नाही. बिब मिळतो त्या प्रदर्शनातली खरेदी तासाभरात उरकावी. शर्यतीच्या शुल्कात पार्कचं तिकीट नसतं. ते वेगळं काढायचं आणि मॅरेथॉननंतरच्या दिवसांचं काढायचं. पार्कमध्ये दिवसाला १५-२० हजार पावलं सहज पडतात. आदल्या दिवशी मुलांसोबत तेवढं हिंडलेले पाय विसाव्या मैलाला हिशोब मागतात.

पहिले दोन तास अंधार असतो, सूर्य सव्वासातनंतर उगवतो. महामार्गावर बसवलेल्या चकाकणाऱ्या खुंट्यांना ठेचकाळून माणसं पडतात, म्हणून नजर खाली ठेवावी. जमीन सपाट आहे, चढ काय ते उड्डाणपुलांचे. पण त्यांचे वळणदार उतार एका अंगाला कललेले असतात आणि त्याने घोटा-गुडघा दुखावतो. रस्त्याचा सर्वांत समतल पट्टा शोधून धावावं. सुरुवातीच्या फिरत्या शौचालयांपुढे रांगा लागतात. तेवढी निकड नसेल तर पार्कच्या आतली गाठावीत.

खाण्यापिण्यात नवं काही करू नये. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. धावताना खायच्या जेलच्या एका पुडीत साधारण २० ते २५ ग्रॅम असतात. खजूर, राजगिऱ्याचे लाडू सवयीचे असतील तर तेच न्यावेत, विमानतळावर जाहीर करावेत, ताजी फळं मात्र नेऊ नयेत. सहा-सात तास मार्गावर असणाऱ्यांना पाणी कमी पडण्याइतकाच जास्त होण्याचाही धोका असतो. प्रत्येक टेबलावर नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं ही त्याची लक्षणं. तहान लागेल तसं प्यावं, इलेक्ट्रोलाइटसह. वेदनाशामक गोळ्या घेऊन धावू नये, मूत्रपिंडावर ताण येतो. वैद्यकीय मदतीच्या ठिकाणी काडीवर पांढरट मलम देतात. ते व्हॅसलीन असतं, काचलेल्या जागी लावायला. जेल समजून तोंडात घालू नये.

पोशाख हौसेने करावा, पण तो घालून आधी १२-१५ किलोमीटर धावून पाहावं. काख आणि मांड्या कुठे काचतात ते तेव्हाच कळतं. जमिनीवर लोळणारा पोशाख चालत नाही. कासोट्याची शिवलेली नऊवारी यात छान बसते. मावळ्याचा वेश असेल तर फेटा ठेवावा, खरी वाटेल अशी तलवार नको. मोठ्यांना चेहरा झाकणारा मुखवटाही चालत नाही.

परतीचं विमान रविवारी रात्रीचं काढू नये. सुजलेले पाय घेऊन वीसेक तास बसल्याने रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. मंगळवारी निघावं, दर दीड तासाने उठून चालावं, आणि पदकं हातातल्या बॅगेत सगळ्यात वर ठेवावीत. ती जड धातूची असतात, सुरक्षा तपासणीत बाहेर काढून दाखवावी लागू शकतात.

आपले,
काही धावपटू वाचक, ठाणे