तिवराचं पान

गडहिंग्लज,
5 जानेवारी 2025

प्रिय ओंकार,
सप्रेम नमस्कार.

तू नागपूरला गेल्यापासूनची ही पहिलीच सहल, सारखी तुझी आठवण येत होती. जीवशास्त्राच्या बाईंनी आम्हाला आंबोली उतरून थेट वेंगुर्ल्याला नेलं. तिथे मांडवीच्या खाडीत बचत गटाच्या बायका होडी वल्हवत कांदळवन, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारं जंगल, दाखवतात.

ओहोटी होती. चिखलातून पेन्सिली रोवाव्यात तशी तिवराच्या झाडांची मुळं उभी होती, हजारो. त्या चिखलात हवाच नसते, म्हणून मुळं श्वास घ्यायला वर येतात. उतरताना माझा पाय तिकडे वळला, तर होडीवरच्या काकी ओरडल्या, "रे बाबू, थंय पाय देव नको!" मी पाय तसाच मागे घेतला.

सातवीत आपण टीपकागदावर हरभरा रुजवला होता, आठवतंय? रोज सकाळी पाणी शिंपडायचो. कांदळ नावाच्या झाडाचं बी जमिनीवर पडायची वाटच बघत नाही. झाडावर असतानाच रुजतं, शेवग्याच्या शेंगेसारखं लांब होऊन लोंबतं आणि मग टोकानं खाली सुटतं. चिखलात रुतलं तर तिथेच, नाहीतर भरतीबरोबर वाहत दुसरीकडे मुळं धरतं. एक गळलेलं मी हातात घेतलं. दीड फूट भरलं, वजनदार, वर दोन इवल्या पानांची मिटलेली चोच. काकींनी दाखवलं तिथे मी ते रोवलं. आपल्या हातून लागलेलं झाड आता खाडीत उभं राहील, हे अजून खरं वाटत नाही.

पांढऱ्या चिप्पीला 2020 मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. तिचं फूल रात्री उमलतं आणि वटवाघळं त्यातला मध प्यायला येतात. रात्री थांबायला मिळालं नाही याची फार हळहळ वाटली.

संध्याकाळी सागरेश्वरच्या वाळूत मर्यादवेल पाहिली. आपट्यासारखं दुभंगलेलं पान, जांभळी फुलं, आणि वेलीनं वाळू घट्ट धरून ठेवलेली. रावणाच्या मिशा नावाच्या गवताचे काटेरी गोळे वाऱ्यानं घरंगळत होते.

झाडावरचं काही तोडायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. तिवर जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. खाली पडलेलं एक पिवळं पान मी तुझ्यासाठी उचललं, ते या पाकिटात आहे. पाठीमागून जीभ लावून बघ आणि खारट लागलं का ते लगेच कळव.

काका-काकूंना नमस्कार.

तुझाच,
निखिल