शाफ्ट कापण्याआधी गाडी मापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस गेला की आमच्या फोंडा-उसगाव भागात जुन्या जीपांवरच्या ताडपत्र्या निघतात. हल्ली बरीच तरुण मुलं बेळगाव-कोल्हापूर साइडहून जुन्या मिलिटरी जीपा आणतायत, स्वतःच्या हाताने सोडवतात, रंगवतात, परत जोडतात, ते बघून मला मनापासून बरं वाटतं. पण गेल्या वर्षभरात माझ्या बघण्यात अशा तीन गाड्या आल्या ज्यांचे प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद एक्सलकडे नेणारे दांडे) "बसत नाही" म्हणून कापलेले होते, आणि तिन्ही गाड्यांत शाफ्टची काहीच चूक नव्हती. त्यातली एक माझ्या भाच्याची, म्हणजे आमच्याच घरातली, म्हणून हे पत्र.

मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, २०१२ ला खाणी बंद पडल्या तोपर्यंत टिपरखाली झोपूनच दिवस गेले, त्यामुळे शाफ्ट, क्रॉस (शाफ्टच्या टोकाच्या वाकत्या जॉइंटमधला चौफुलीसारखा तुकडा), स्लीव्ह (शाफ्ट आत-बाहेर सरकतो ती नळी) ही माझ्या रोजच्या हाताची कामं. भाच्याने घेतलेली जीप दुसऱ्या महायुद्धातली विलीज, १९४१ ते ४५ मध्ये बनलेल्यांपैकी. तेव्हा विलीज आणि फोर्ड अशा दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या, एकीचा पार्ट दुसरीला चालायचा. ८० इंच व्हीलबेस, मागचा शाफ्ट एकदम आखूड, त्यामुळे चूक लपवायला जागाच नसते. ही गाडी मधल्या काळात कुणीतरी डिझेल केली होती. भाच्याने शोधून शोधून मूळ पेट्रोल इंजिन आणि गिअरबॉक्स मिळवला, सगळं बसवलं, आणि शेवटी शाफ्ट लावायला गेला तर मागचा शाफ्ट एक इंच लांब. मला फोन केला, "मामा, हें बसना मरे." मी तेव्हा मुलीकडे पुण्याला होतो, मी म्हटलं थांब चार दिवस, पण एका गॅरेजवाल्याने त्याला सांगितलं एवढ्याला कशाला थांबतोस, इंचभर कापून वेल्डिंग मारतो, अर्ध्या तासाचं काम. मारलं. गाडी चालली. आणि ४० च्या वर गेली की जमिनीतून घरघर, पायाखालचा पत्रा थरथरतो, पंधरा दिवसात ट्रान्सफर केसचं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या शाफ्टला ताकद वाटून देणाऱ्या पेटीचं, मागचं सील गळायला लागलं.

मी आल्यावर खाली शिरलो आणि पहिली नजर पुढच्या शाफ्टवर टाकली, कारण मागचा शाफ्ट लांब होतोय तर पुढचा काय म्हणतोय हे आधी बघायचं असतं. पुढच्या शाफ्टची स्प्लाइन, म्हणजे दातेरी टोक, स्लीव्हमध्ये जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच पकडून होती. माझ्या अंगावर काटा आला. अनमोड घाटात एखाद्या खड्ड्यात एक्सल खाली गेला असता तर शाफ्ट सुटून रस्त्यावर आला असता आणि गाडीत दोन पोरं होती.

मागचा एक इंच जास्त आणि पुढचा एक इंच कमी, याचा अर्थ एकच, इंजिन-गिअरबॉक्स-ट्रान्सफर केस हे सगळं बिऱ्हाड एक इंच मागे बसलंय. आणि तसंच निघालं. डिझेल करणाऱ्याने गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर मागे सरकवायला चासीला नवीन भोकं मारली होती, जुनी भोकं रंगाखाली बुजून गेली होती, इंजिनचे पुढचे ब्रॅकेटपण त्याच वेळचे. रेडिएटर आणि फॅनमध्ये अंतर जास्त आहे हे भाच्याला आधीच दिसलं होतं, पण त्याचा आणि शाफ्टचा संबंध त्याच्या डोक्यात आला नाही. जुन्या भोकांवर सगळं परत बसवल्यावर मागचा कापलेला शाफ्ट आता बरोब्बर एक इंच आखूड. ऐंशी वर्षं टिकलेली वस्तू अर्ध्या तासात वाया गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच की शाफ्ट बसत नसेल तर तो निरोप समजा. पुढचा कमी आणि मागचा तेवढाच जास्त, किंवा उलट, तर इंजिन-गिअरबॉक्स जागेवर नाही. फक्त मागचाच फरक असेल तर एक्सल बघा, तो दुसऱ्या मॉडेलचा आहे का, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) उलटे बसलेत का, काही गाड्यांच्या पाट्यांचा सेंटर बोल्ट मध्यावर नसतो आणि पाटा फिरवून लावला की अख्खा एक्सल सरकतो. विलीजच्या ट्रान्सफर केसची दोन्ही तोंडं उजव्या अंगाला असतात म्हणून एक्सलच्या हाउसिंगचा गोळाही, ज्यात शाफ्टची ताकद जाते तो, उजवीकडेच असतो, तिथे कुणी मध्ये गोळा असलेला दुसरा एक्सल टाकला तर शाफ्ट तिरका धावतो, आणि बाजूने फक्त वर-खालीचा कोन बघणाऱ्याला हा आडवा तिरकेपणा दिसतच नाही. ओळंबा सोडा, खडूने जमिनीवर खुणा करा, मग कळतं.

आणि माप घेताना गाडी चारही चाकांवर उभी पाहिजे. मुलं नुसती चासी जॅकवर घेऊन माप घेतात, तेव्हा पाटे सुटलेले, एक्सल लटकलेला, ते माप खोटं. बॉडी, बॅटरी, पेट्रोल, माणसं असं वजन आल्यावर पाटे बसतात आणि सगळं बदलतं. नवीन पाटे जास्त कमान देऊन करून आणले असतील तर पिनियनचा, म्हणजे शाफ्ट जोडतात त्या एक्सलमधल्या गिअरचा, अँगलपण बदलतो, मग पाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचर घालून तो जुळवावा लागतो. गाडी पूर्ण दबून स्लीव्ह आत गेल्यावरही थोडी जागा उरली पाहिजे आणि एक्सल पूर्ण लटकल्यावरही स्प्लाइन भरपूर पकडीत राहिली पाहिजे, दोन्ही टोकं हाताने तपासायची, अंदाजावर नाही.

थरथरीचं मोठं कारण मात्र वेगळंच असतं आणि ते फुकटात दुरुस्त होतं. शाफ्टच्या दोन टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन कानांचे तुकडे, एकाच रेषेत पाहिजेत. क्रॉसचा जॉइंट वाकून फिरतो तेव्हा जॉइंटच्या अलीकडची बाजू एकसारखी फिरली तरी पलीकडची एका फेरीत दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे राहते, १० अंशाच्या वाकावर हा फरक दीड-दीड टक्क्याचा. दुसऱ्या टोकाचा जॉइंट तेवढाच वाकलेला आणि त्याच रेषेत असेल तर तो ही चूक खाऊन टाकतो, पण स्लीव्ह काढून परत घालताना एक जरी दात सरकला तर तोच जॉइंट चुकीत भर घालतो. विलीजला टायर ६.००-१६ आणि एक्सलचा रेशो ४.८८ (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.८८ फेऱ्या), म्हणजे ६० च्या स्पीडला शाफ्ट मिनिटाला २,१०० च्या आसपास फेऱ्या मारतो, आता एका फेरीत दोन धक्के धरून हिशोब करा. भाच्याच्या गाडीत हेच झालं होतं, वेल्डिंग करताना त्या माणसाने दोन टोकं बघून जोडलीच नव्हती. खोलण्याआधी शाफ्ट आणि स्लीव्हवर छिन्नीने एक एक खूण मारली की प्रश्नच मिटतो, पेनाची खूण डिझेलने धुताना जाते.

क्रॉसबद्दल पण लिहितो, कारण "सर्कलिप (कप अडवून ठेवणारी कडी) जात नाही" ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकलीय. नव्वद टक्के वेळा कपातली, म्हणजे क्रॉसच्या टोकावरच्या बेअरिंगच्या टोपीतली, एक सुई आडवी पडलेली असते. कप बुडापर्यंत जात नाही, मग लोक हातोडा घेतात आणि योकचा कानच वाकतो. सुया ग्रीसमध्ये चिकटवून एक एक बघून बसवाव्या आणि कप व्हाइसमध्ये धरून सरळ दाबावा. दुसरं आपल्या गोव्याच्या हवेचं, इथे चार महिने पाऊस आणि वर्षभर खारट दमट हवा, योकच्या कानातला सर्कलिपचा खाचा गंजाने भरतो आणि वर हौशीने रंग मारलेला असतो. तो खाचा सुईने कोरून स्वच्छ करा, कानाच्या आत रंग नको. तिसरं, दुकानात नुसता कप दाखवून क्रॉस आणू नका. स्पायसरच्या १३१० आणि १३३० नंबरच्या क्रॉसचे कप सारख्याच व्यासाचे, साधारण २७ मिमी, पण कप धरून एकाची लांबी ८२ मिमी आणि दुसऱ्याची ९२. कप बसला म्हणून क्रॉस बसेल असं नाही, व्हर्नियर घेऊन जा.

बोल्टांचंही तसंच. या गाड्या इंचाच्या, तिथे तीन सूत बोल्टच्या जागी १० चा आणि अडीच सूताच्या जागी ८ चा ठोकू नये. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिमी, ८ चा बोल्ट दोन आटे जातो पण, आणि मग आटा खातो. पिनियनच्या योकवरचे यू बोल्टपण ताकद लावून आवळू नका, कप दबतो, सुया अडकतात, नवा क्रॉस महिनाभरात संपतो.

२०२१ पासून केंद्र सरकारने ५० वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज नोंदणी दिलीय, त्यात गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चासी-इंजिनात फेरफार नको. म्हणजे मूळ माप सांभाळणं आता कागदावरही कामाचं आहे. आपल्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना एक जुना शाफ्ट खोलून परत रेषेत जोडायला दिला तर एका दिवसात हे शिकून होईल. फोंडा, कुडचडे, डिचोलीला टिपरचे शाफ्ट लेथवर धरून डायलने सरळ करणारे जुने टर्नर अजून आहेत, त्यांच्याकडे काम कमी झालंय, हात मात्र तेवढेच पक्के आहेत. जीपवाल्या मुलांनी त्यांच्याकडे जावं, वेल्डिंगवाल्याकडे नंतर.

भाच्याचा नवीन शाफ्ट अशाच एका टर्नरकडे तयार होतोय. माप आम्ही गाडीवरून घेतलंय, पण चासीला इतकी भोकं आहेत की मला ते एकदा दुसऱ्या गाडीशी ताडून बघायचंय. गोव्यात कुणाकडे हात न लागलेली १९४१-४५ ची विलीज किंवा फोर्ड जीप असेल तर कृपया गाडी चाकांवर उभी ठेवून ट्रान्सफर केसच्या मागच्या क्रॉसच्या मध्यापासून पिनियनच्या क्रॉसच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून आपल्या पेपरच्या पत्त्यावर कळवावं, आणि जुना शाफ्ट पडून असेल तर वाकलेला असला तरी भंगारात देऊ नये, मी येऊन घेऊन जाईन.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त फिटर, फोंडा