आरएनएची बातमी आणि हातातला रिपोर्ट

महोदय,

‘आरएनएमुळे कर्करोगावर मात’ अशा धाटणीच्या बातम्या वाचून ओळखीतले रुग्ण उपचार थांबवायचे का, असे विचारू लागतात, म्हणून हे पत्र.

संशोधन खरे आहे आणि मोलाचे आहे. आपल्या डीएनएचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिने बनवण्याच्या कामी येतो. उरलेल्या भागातूनही पेशी आरएनए, म्हणजे डीएनएच्या मजकुराची नक्कल असलेले रेणू, तयार करते. त्यातून प्रथिन बनत नाही, पण कोणते जनुक चालू राहील आणि कोणते बंद, यात त्यातल्या अनेकांचा हात असतो. स्तन आणि प्रोस्टेट (पुरुषांतील एक ग्रंथी) यांच्या, हार्मोनच्या जोरावर वाढणाऱ्या कर्करोगांत असे कितीतरी आरएनए बिघडलेले आढळतात. स्तनाच्या गाठीत ‘हॉटएअर’ नावाचा आरएनए खूप वाढलेला असेल, तर रोग शरीरात इतरत्र पसरण्याची शक्यता अधिक असते, असे २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या हॉवर्ड चँग यांच्या गटाने दाखवले.

पण प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंतचा रस्ता किती लांब असतो, ते ‘पीसीए३’वरून कळते. प्रोस्टेटच्या कर्करोगात अफाट वाढणारा हा आरएनए १९९९ मध्ये जगासमोर आला. लघवीतून तो मोजणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने मान्यता दिली ती २०१२ मध्ये. तीही मर्यादित कामासाठी : पन्नाशी उलटलेल्या, आधीच्या बायॉप्सीत (सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत) कर्करोग न सापडलेल्या पुरुषाची पुन्हा बायॉप्सी करावी का, हे ठरवायला मदत म्हणून. ज्यावरून या कर्करोगाचा संशय घेतात, तो रक्तातला पीएसए तर साध्या प्रोस्टेटवाढीतही वाढतो, त्यामुळे विनाकारण सुया टोचून घेणे टळले तर ते माझ्या मते मोठेच काम आहे. मात्र ही चाचणी आहे, औषध नव्हे.

म्हणून विनंती, की अशा बातमीत प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर, हे ठळकपणे छापावे. आणि सोबत आज हाताशी असलेल्या तपासणीबद्दलही लिहावे. स्तनाच्या गाठीच्या तुकड्यावर ईआर-पीआर तपासणी होते, म्हणजे गाठ हार्मोनच्या जोरावर वाढणारी आहे का, ते पाहतात. ती पॉझिटिव्ह आली तर टॅमॉक्सिफेनसारख्या जुन्या, स्वस्त गोळीचा उपयोग होतो. तालुक्याच्या गावातून शस्त्रक्रिया करून परतलेल्या बाईच्या फायलीत हा रिपोर्ट नसेल, तर तो मागून घ्या, हे तिच्या घरच्यांना आपल्या वृत्तपत्रातून कळायला हवे.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा